शुगरचं दळण

आधीच सांगून टाकते, भाकरीचा काही दोष नाही. ज्वारी-बाजरीनं सुमनच्या किडन्या गेल्या, असं कुणी माझ्या नावावर सांगत फिरू नये. किडन्या मी घालवल्या. भाकरी बिचारी आपलं काम नीट करत होती. डॉक्टरांचं आणि गोळ्यांचं कामही मीच तिच्या गळ्यात मारलं.

नागपुरातल्या महाल भागात आमची पिठाची चक्की आहे. वीसेक वर्षं झाली असतील. हे, म्हणजे माझे यजमान, मशीन बघतात. मी समोर बसून डबे घेते, वजन करते आणि बोलते. बोलण्यात माझा हात कुणी धरणार नाही. कोणाकडे पाहुणे आलेत, कोणाच्या सासूचं पोट बिघडलंय, हे मला दळणावरून कळतं, आणि कळलं की सल्ला दिल्याशिवाय मला राहवत नाही. या सवयीनं काय केलं ते पुढे येईलच.

आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवार मी डायलिसिसच्या पलंगावर चार-चार तास पडून असते. डाव्या हातात दोन जाड सुया असतात. उजवा हात मोकळा असतो, त्यानंच हे लिहिते आहे. बरी झाल्यावर लिहीन म्हटलं असतं तर हे कधी लिहूनच झालं नसतं, कारण मी बरी होणार नाही.

पीठ

शुगर निघाली त्याला आठ वर्षं झाली. पहिली चार वर्षं मी शहाण्या बाईसारख्या गोळ्या घेतल्या. मग अचानक गिऱ्हाईकं ज्वारी, नाचणी, कोदो-कुटकीसारखी भरड धान्यं घेऊन यायला लागली. आमच्या लहानपणी उमरेडला जे रोजचं होतं, आणि रोजचं म्हणूनच ज्याची कुणाला किंमत नव्हती, ते आता 'मिलेट' झालं होतं. आम्ही कोष्टी. बाबा मागावर बसायचे, आई कांड्या भरायची, आणि दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी. गव्हाची पोळी सणाला नाहीतर जावयाला. लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा रोज पोळी मिळते याचंच मला अप्रूप वाटलं, आणि पुढची कित्येक वर्षं मी हौसेनं पोळ्याच खाल्ल्या.

तर मी पुन्हा भाकरीवर आले. आणि खरं सांगते, फरक पडला. जेवणानंतर तासाभरात जी सुस्ती यायची ती गेली. दुपारी चारला काहीतरी तोंडात टाकल्याशिवाय हात थरथरायचे, ते थांबलं. पोट साफ व्हायला लागलं. वजन उतरलं, गुडघे हलके झाले. शुगरही खाली आली. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं, "छान. भाकरी चालू ठेवा. गोळ्याही चालू ठेवा." मी पहिलं वाक्य ऐकलं आणि खूश होऊन घरी आले.

मग मी माझं एक मिश्रण बसवलं. चार भाग ज्वारी, दोन भाग बाजरी, एक भाग नाचणी आणि किलोमागे मूठभर मेथीदाणे. गिऱ्हाईकं त्याला 'शुगरचं दळण' म्हणू लागली. "काकू, शुगरचं दळण करून द्या न," असं कुणी म्हटलं की माझी छाती फुगायची. आयुष्यभर लोकांचं धान्य दळलं, पण माझं म्हणून पहिल्यांदाच काही निघालं होतं.

गोळ्या मी आधी एक दिवसाआड केल्या. मग आठवली तर घ्यायची. मग बंद. यांना सांगितलं नाही. डॉक्टरांकडे जायचं असलं की आधीचे तीन दिवस नुसती भाकरी आणि कारल्याची भाजी खायची, उपाशीपोटी रक्त द्यायचं, आणि आकडा बरा आला की "गोळ्या सुरू आहेत न?" या प्रश्नाला मान डोलवायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी अभ्यास करणाऱ्या पोरीसारखं माझं चाललं होतं. त्यांनी तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी लिहून दिली होती. ती मी टाळत राहिले. पुढे तर डॉक्टरांकडे जाणंच सोडलं.

जोडवी

मागच्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर पायांतली जोडवी रुतायला लागली. मी म्हटलं, उन्हानं पाय सुजतात, सगळ्यांचेच सुजतात. साबण लावून जोडवी काढली आणि डब्यात ठेवली. मग तोंडाची चव गेली. सकाळी दात घासताना उलटी यायची. दोन डबे उचलले तरी धाप लागायची. मी अजून आधी उतरलेल्या वजनाचं कौतुक करत होते आणि अंगात नुसतं पाणी साठत होतं.

एके दिवशी चक्कीवरच डोळ्यांपुढे अंधारी आली. हे मला स्कूटरवर कसंबसं मागे बसवून दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी घोट्यावर अंगठा दाबला. भिजवलेल्या कणकेत बोट रुतावं तसा खड्डा पडला आणि तसाच राहिला. दुपारी रक्ताचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मला नाही, यांना विचारलं, "शुगरच्या गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

"बंद नाहीत जी," हे म्हणाले. "रोज घेते ते."

डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघू लागले. शेवटी मीच म्हटलं, "तीन वर्षं झाली." यांनी माझ्याकडे पाहिलं, ते पाहणं मी विसरणार नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पार खचून गेले होते.

दोन्ही किडन्या जवळजवळ थांबल्या होत्या. शुगरनं त्या आतून खाल्ल्या आणि सोबत वाढलेल्या बीपीनं उरलंसुरलं संपवलं. दुखलं काहीच नाही, हेच सगळ्यात वाईट. दुखलं असतं तर मी कधीतरी बोंबलले असते.

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये यांनी एवढंच विचारलं, "मले काहून नाही सांगतलं वं?" खरं उत्तर असं की माझ्या पिठाची लोक तारीफ करत होते आणि मला ती खोटी पाडायची नव्हती. हे नवऱ्याला पार्किंगमध्ये सांगता येत नाही.

सोमवार, बुधवार, शुक्रवार

सकाळी सहाला निघायचं. पोचल्यावर काट्यावर उभं राहायचं. मागच्या वेळेपेक्षा जेवढं वजन जास्त, तेवढं पाणी मशीन काढणार. चार तासांनी पुन्हा काट्यावर. मी आयुष्यभर लोकांच्या डब्यांचं वजन केलं, आता माझं होतं.

डाव्या हातातल्या दोन रक्तवाहिन्या ऑपरेशन करून एकमेकींना जोडल्या आहेत. तिथे बोट ठेवलं की आत घरघर लागते, चक्कीच्या पट्ट्यावर हात ठेवल्यासारखी. ती घरघर थांबली तर ताबडतोब या, असं त्यांनी सांगितलंय. त्यामुळे दिवसातून पन्नासदा मी हात चाचपते.

त्रास सुयांचा नाही, पाण्याचा आहे. दिवसभराचं पाणी एका छोट्या बाटलीत भरून ठेवायचं, चहा आणि वरण त्यातच धरायचं. नागपूरचा मे महिना आणि एक बाटली पाणी. चक्कीसमोर लोक मठ्ठा पितात, उसाचा रस पितात, आणि मी बर्फाचा एक खडा जिभेवर ठेवून तो विरघळायची वाट बघते. एकदा राहवलं नाही म्हणून माठातून दोन ग्लास प्यायले. दुसऱ्या दिवशी श्वास लागून पलंगावर आडवं होता येईना. त्या दोन ग्लासांची चव अजून आठवते, आणि लाज वाटते.

आहारवाल्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात कागद दिला. ज्वारी, बाजरी, नाचणी यांवर लाल खूण. "तुमच्या किडन्या यातले क्षार आता बाहेर टाकू शकत नाहीत," त्या म्हणाल्या, "तुम्ही पांढरा भात खा. भाजी उकळून पाणी फेकून द्या." मी हसायला लागले. त्यांना वाटलं मला काही समजलंच नाही, म्हणून त्यांनी पुन्हा सावकाश समजावलं. मी हसतच राहिले आणि मग रडले. मी चक्कीवाली. माझ्या हातचं शुगरचं दळण अर्धा महाल खातो, आणि मला ते मना होतं.

चांगलं काहीच नाही असं म्हणणार नाही. एक तंत्रज्ञ बाई आहे, तिची सुई पहिल्या झटक्यात जाते. ती ड्यूटीवर दिसली की मला सण वाटतो. शेजारच्या पलंगावरचे काका रोज विचारतात, "काय वहिनी, आज किती पाणी दळलं मशीननं?" घरी हे भाजी उकळून पाणी फेकायला शिकले आहेत. आधी भाजीच फेकून पाणी ठेवायचे. तीसेक वर्षांत त्यांनी कधी गॅस पेटवला नव्हता. आता रोज भात टाकतात आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहतात. एवढ्या चांगुलपणानं मात्र मला दोन घासांवर जेवण जात नाही.

ताई

कमलताई माझी मोठी बहीण. उमरेडला असते. भाऊजी गेल्यापासून ब्लाउज शिवते. आईबाबा नाहीत, मला मूलबाळ नाही, यांचं रक्त माझ्याशी जुळत नाही. म्हणजे किडनी मिळायची तर ताईचीच. सरकारी यादीत नाव घातलंय, पण माझ्या आधी कितीतरी लोक आहेत, आणि त्यातले काही माझ्याच हॉलमध्ये पडून असतात. एखाद्या सोमवारी त्यांच्या पलंगावर दुसरं माणूस दिसतं. आम्ही विचारत नाही.

ताईनं फोनवर ऐकलं आणि एका दमात म्हणाली, "दोन आहेत न मले? एक तुले देतो. त्यात इचारायचं काय?" तिच्या सुनेनं तोंड वाकडं केलं. तिचं चुकलं असं मला वाटलं नाही. ताईच्या शिलाईवर त्या घराचं बरंच चालतं. पण ताई कुणाचं ऐकणारी नाही. तिनं आम्हा दोघींसाठी समोरून उघडणारे दोन सुती गाऊन शिवले, ऑपरेशननंतर डोक्यातून घालायला त्रास होईल म्हणून. एकाच कापडातले, हिरव्यावर बारीक फुलं. तपासणीला आली तेव्हा पिशवीतून काढून दाखवले. "जुळ्या दिसू आपण," म्हणाली.

इथे मला एक गोष्ट सांगावीच लागेल. तीन वर्षांपूर्वी ताईची शुगर काठावर निघाली होती. डॉक्टरांनी एक बारीक गोळी दिली होती आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. तिनं मला फोन केला. मी तेव्हा माझ्या पिठाच्या जोरात होते. म्हटलं, "काही गोळी-बिळी घेऊ नको वं ताई. एकदा लागली की जन्मभर सुटत नाही. मी पीठ पाठवते." तपासायचीही गरज नाही, असं म्हटलं. दर आठ दिवसांनी उमरेडच्या बसनं मी पिशवी पाठवली. प्रमाणही फोनवर सांगून ठेवलं, कधी बस चुकली तर तिकडे दळता यावं म्हणून.

तपासण्या चार दिवस चालल्या. रक्त, पेशाब, सोनोग्राफी. ताई प्रत्येक खिडकीवर हसत उभी राहिली. रक्तगट जुळला तेव्हा तिनं मला डायलिसिसच्या पलंगावरच मिठी मारली आणि माझ्या हातातल्या सुयांना धक्का लागेल म्हणून नर्स ओरडली. मीही त्या दिवशी घरी जाऊन गाऊन अंगाला लावून बघितला. कुणाला सांगितलं नव्हतं, इथे सांगते आहे.

पाचव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हा तिघांना आत बोलावलं.

"तुमच्या बहिणीची किडनी घेता येणार नाही," ते म्हणाले. "शुगर फार वाढलेली आहे. पेशाबातून प्रोटीन जातंय. किडनीला इजा सुरू झाली आहे."

"शुगर नाही जी मले," ताई म्हणाली. "काठावर होती. मी तं गव्हाचं खातच नाही. हिच्याच पिठाची भाकरी खातो, तीन वर्ष झाले."

"गोळी?"

"गोळी कायले? हिनंच सांगतलं, गरज नाही म्हणून."

ती तक्रार करत नव्हती. माझी बाजू मांडत होती, माझ्या बहिणीला किती कळतं ते डॉक्टरांना सांगत होती. डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, मधे कधी रक्त तपासलं होतं का. ताईनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. यांनी खुर्ची मागे सरकवली आणि बाहेर निघून गेले.

वेळेवर गोळी चालू झाली असती आणि खाण्यातही ही भाकरी असती, तर कदाचित ती काठावरच राहिली असती. डॉक्टर नक्की काही सांगत नाहीत. मी मात्र रोज नक्की सांगते, स्वतःला.

कॉरिडॉरमध्ये ताईला म्हटलं, "माझ्यामुळे झालं." तर म्हणाली, "काहून जीव जाळतेस? भाकरीच खाऊ घातली न तू, जहर तं नाही?" आणि पिशवीतले गाऊन नीट करत बसली.

आता काय सांगते

चक्कीवर आता कुणी शुगरचं दळण मागितलं तर मी आधी विचारते, गोळी चालू आहे का, तीन महिन्यांची तपासणी कधी केली, पेशाब तपासला का. भाकरी खाच, म्हणते. एकदम तिन्ही वेळ नको, आधी एका वेळची पोळी बदला, नाहीतर पोट फुगेल. बाजरीचं पीठ आठ दिवसांत कडू होतं, थोडंथोडंच दळा. भाकरीनं पोट भरलेलं राहतं, शुगर एकदम उसळत नाही, हे सगळं खरं आहे. पण गोळी कमी करायची की नाही ते डॉक्टर सांगतील, चक्कीवाली नाही. आणि किडनीचं काही निघालं असेल तर आहारवाल्या बाईंना विचारल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

लोकांना हे आवडत नाही. पूर्वी मी "गोळीची गरज पडत नाही" म्हणायचे तेव्हा बायका डबे घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. परवा एक जण म्हणाली, "काकू, तुमी पहिले तं असं नव्हत्या सांगत." मी तिला डावा हात दाखवला. तिनं हात जोडले, डबा उचलला आणि पुढच्या गल्लीतल्या चक्कीवर गेली. तिथले काका गोळीचं काही विचारत नाहीत.

आठवड्यातून तीनदा मशीनवर पडून अशी किती वर्षं निघतात, हे मी डॉक्टरांना एकदाच विचारलं. ते म्हणाले, माणसा-माणसावर असतं. मी कसलं माणूस आहे ते त्यांना ठाऊक आहे, म्हणून पुढे विचारलं नाही.

गेल्या रविवारी ताईचा फोन आला. आवाज नुसता उत्साहाचा.

"सुमन, ऐक न वं. मी आता भातही सोडला. दोन्ही टाइम नुसती भाकरी. पाच किलो दळून बसनं धाडून दे. तीन महिन्यांत शुगर उतरवून दाखवतो, मंग पुन्हा तपासाले येतो. या खेपेले घेतीनच ते माझी किडनी."

"आणि गोळ्या?" मी विचारलं. डॉक्टरांनी तिला तीन प्रकारच्या लिहून दिल्या होत्या.

"नाही घेऊन राहिली. गोळीनं उतरली तं डॉक्टर म्हणन, हे गोळीची करामत आहे. त्याले बिनागोळीची उतरवून दाखवा लागते न, तवाच तं किडनी चालन."

मी ओरडले. रडले. डॉक्टर तुझी किडनी आता कधीच घेणार नाहीत, असं तीनदा सांगितलं. मला तुझी किडनी नको, मी घेणार नाही, असंही सांगितलं. यांनी फोन घेतला आणि हात जोडल्यासारखं बोलले. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "मंग तुले दुसरं कोण देणार आहे, ते सांग."

पीठ मी पाठवलं नाही. तिच्या सुनेला फोन केला तर ती म्हणाली, गोळ्यांची पाकिटं तशीच पडून आहेत आणि सासूबाई उमरेडच्याच चक्कीवरून दळून आणतात. चार भाग ज्वारी, दोन भाग बाजरी, एक भाग नाचणी. चक्कीवाल्याला प्रमाण त्याच सांगतात.